तोच हात

समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या काखेकडे बघून बोलणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं प्रारब्ध. साडू हे नातंच मुळात अवघड. ना रक्ताचं, ना निवडीचं. दोन बहिणींच्या लग्नांपायी दोन परके पुरुष एका पंगतीत शेजारी बसवले जातात आणि जन्मभर एकमेकांच्या पानात डोकावत जेवतात. माझ्या शेजारी जे बसले ते मूळचे हसनाबादचे, शेतकऱ्याच्या घरातले, आणि आता पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मोठे शास्त्रज्ञ आहेत. लस टोचल्यावर माणसाच्या काखेतल्या गाठीत काय काय घडतं, याचा ते अभ्यास करतात. एवढं एक वाक्य आमच्या सासरेबुवांना शेवटपर्यंत पाठ झालं नाही. थोरला जावई काय करतो असं कुणी विचारलं, की ते 'औषधाचं कायतरी' म्हणत आणि घाईघाईनं विषय मोसंबीच्या भावावर नेत.

मी भोकरदनला शाळेत शिक्षक, म्हणून मला समजावून सांगताना ते शाळेचाच दाखला देतात. दंडात लस टोचली की तिचा थोडा अंश वाहत वाहत त्याच बाजूच्या काखेतल्या गाठीत पोचतो. तिथं रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि त्या परक्या वस्तूचा अभ्यास करतात. चुकतात, सुधारतात, पुन्हा परीक्षेला बसतात. ज्यांना जमलं त्या पुढं पहाऱ्यावर जातात आणि ज्यांना जमलं नाही त्या तिथंच मरतात. "गुरुजी, तुमच्या शाळेत नापास पोरगं पुढच्या वर्गात ढकलता येतं," ते मला म्हणाले होते, "हितं ढकलाढकली न्हाई." हा टोमणा मी अजून विसरलेलो नाही. तर ही शाळा भरलेली असताना आत काय चाललंय ते बघायचं, म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर ती गाठ शोधायची, बारीक सुई तिच्यात घालायची आणि थेंबभर ऐवज बाहेर काढायचा. काही दिवसांनी त्याच माणसाची तीच गाठ पुन्हा. आपण होऊन काख उघडी करून देणारी माणसं त्यांना मिळतात याचं मला नवल वाटतं. त्यांना न देणाऱ्यांचं नवल वाटतं. या कामाला नातेवाईक चालत नाहीत असा नियम आहे हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात देवापुढं नारळ फोडला. तरीही एकदा पुण्याला गेलो असताना यंत्र मोकळं होतं, तेव्हा त्यांनी मला आडवं करून, काखेला गार चिकट मलम फासून माझी गाठ मला दाखवलीच. चवळीच्या दाण्यासारखं काळसर काहीतरी होतं. "छान आहे," असं ते इतक्या मायेनं म्हणाले, की माझ्याबद्दल असा सूर माझ्या बायकोनं कधी लावलेला मला आठवत नाही.

या माणसाला नमस्कार करायची सोय नाही. कुणी पाया पडलं की बाकीचे लोक डोक्यावर हात ठेवतात, हे जबड्याखाली ठेवतात. दोन बोटांनी इकडून तिकडून चाचपतात आणि मग आशीर्वाद देतात. माझी मुलगी लहान असताना एकदा दिवाळीत त्यांच्या पाया पडली, तर आशीर्वादाच्या जागी "उजवीकडची खालची दाढ किडली हिची," असं ऐकू आलं. किडलीच होती. एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या चुलत्याच्या गळ्याला हात घातला आणि मुलीकडची मंडळी उठून उभी राहिली. मी मध्ये पडून 'आमच्याकडं अशीच गळाभेट घेतात' अशी थाप मारली म्हणून ते लग्न झालं. त्यांच्या घरी मटण असलं तर आणखी पंचाईत. खाटीक मांसातल्या गाठी काढून टाकतो, पण चुकून एखादी राहिली तर ती नेमकी यांच्या वाटीत येते, आणि मग रस्सा थंड होईपर्यंत पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला चरबीत ती कशी लपलेली असते याचं व्याख्यान चालतं. माझ्या मेहुणीनं शेवटी मटण शिजवणंच सोडून दिलं. गावाकडं पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आम्ही अवधान म्हणतो. ती जिरवण्यासाठी लोक चुना लावतात, चोळतात, राखेनं उतरवतात. हसनाबादला शेजारच्या एका गड्याचं असं चोळणं चाललं होतं, तर साडू चप्पल न घालता तिथं धावले. गाठीला कुणी हात लावू नका, ती बिचारी कामावर आली आहे, तिला हाकलता कशाला, पाय दाखवा, असं म्हणून त्यांनी त्याच्या टाचेतून बाभळीचा काटा काढला. काटा निघाल्याचा आनंद गड्याला होता. साडूंना गाठीचा अपमान टळल्याचा होता.

पण या सगळ्या तऱ्हांपेक्षा एक तऱ्हा मोठी होती, आणि ती अलीकडच्या काही वर्षांतली. कुणीही, कुठंही, कसलीही सुई घेतली असं त्यांच्या कानावर आलं, की ते विचारत, "कोणत्या हातात?" बाळाला डोस दिला, कोणत्या हातात? खिळा लागला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, कोणत्या हातात? आणि पुढची सुई असली तर तोच हात द्यायचा, हात बदलायचा नाही, असं बजावून सांगत. फोन ठेवता ठेवता सांगत, एसटी सुटताना खिडकीशी धावत येऊन सांगत. एका मयतीला गेलो होतो तिथं, सांत्वनाला आलेल्या बाईच्या कडेवरचं मूल पाहून त्यांनी हे विचारलं. घरातली पोरं त्यांची नक्कल करायची आणि मीही त्यात सामील असायचो. शास्त्रज्ञाला एखादं खूळ असतं, त्यातलाच हा प्रकार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. फक्त एवढंच खटकायचं, की बाकीच्या तऱ्हा करताना त्यांचा चेहरा खुललेला असायचा. हा प्रश्न विचारताना तो उतरायचा.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या म्हणजे साडूंचे वडील. हसनाबादला त्यांची मोसंबीची बाग होती आणि ती पूर्णपणे त्यांच्या मर्जीनं चालायची. कुणाचं ऐकणं हा प्रकार तात्यांच्या स्वभावात नव्हता. पोरानं पुण्याहून फोन करून सांगावं, की ठिबक करा, फवारताना तोंडाला फडकं बांधा, रात्रीची गोळी जेवणानंतर घ्या. तात्या दर वेळी "बरं. तसंच करतो," म्हणायचे आणि फोन ठेवून आपल्या मनासारखं करायला लागायचे. कोरोनात लस आली तेव्हा साडू सांगायला फोन करणार, त्याच्या आधीच तात्या पहिली सुई टोचून घरी आलेले होते. माझं पोरगं ह्याच कामात आहे, पहिला मान माझा, असं म्हणून ते रांगेत पुढं उभे राहिले होते. दुसरा डोसही त्यांनी असाच तडफेनं घेतला. तो घेऊन आठवडा झाला असेल नसेल, ताप आला, दम लागला, आणि संभाजीनगरच्या दवाखान्यात तात्या गेले. साडू पुण्याहून पोचले तेव्हा त्यांना लांबूनच बघू दिलं. गावानं आपला निकाल लावून टाकला, की लस घेऊन तात्या गेले. लस अंगात मुरायला वेळ लागतो, म्हाताऱ्या शरीराला आणखी लागतो, त्याआधीच रोगानं गाठलं, हे साडूंनी घरोघर जाऊन सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि आपल्या म्हाताऱ्यांना घरात ठेवायचे. त्या दिवसांत एकदा ते माझ्यापाशी म्हणाले, "गुरुजी, तात्यांनी जन्मात माझी एकच गोष्ट ऐकली." मला वाटलं, शिक्षणाबद्दल काहीतरी असेल. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढं संस्थेत त्यांनी काम बदलून घेतलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या गाठींचाच अभ्यास करायला लागले.

तात्यांच्या मागं हसनाबादच्या घरात साडूंची आई राहिली. त्यांना सगळं गाव बाई म्हणतं, खुद्द साडूही बाईच म्हणतात. तात्या गेल्यावर बाईंनी सुईचं नावच टाकलं. सर्दीपडशाची लस नको, न्यूमोनियाची नको, तुझा बाप नेला तेवढं बस झालं, असं त्या तोंडावर म्हणायच्या. जगाला लस समजावणाऱ्या माणसाची स्वतःची आई दर हिवाळ्यात खोकत बसायची आणि साडू पुण्यात जीव मुठीत धरून फोनची वाट बघायचे. मला त्यांची दया यायची. मग गेल्या वर्षी बाईंच्या घनसावंगीच्या बहिणीला नागीण झाली. पाठीपासून पोटापर्यंत फोड आले, फोड गेले तरी आग राहिली, महिनोन्‌महिने त्या माउलीला पाठीवर पदर सहन होत नव्हता. बाई तिला भेटून आल्या आणि गप्प गप्प झाल्या. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं गावात म्हणतात. तसं काही नसतं हे साडूंनी सांगितलं, पण नागिणीवर लस असते हेही सांगितलं. बाईंनी आठवडाभर विचार केला आणि म्हणाल्या, घेते. साडूंना एवढा आनंद झाला की त्यांनी मला फोन करून दोन वाक्यं बोलल्यावर फोन तसाच चालू ठेवला आणि बायकोला हाक मारत निघून गेले.

ही लस दोनदा घ्यावी लागते, मध्ये काही महिने जाऊ द्यायचे. पहिली भोकरदनला आमच्या घराजवळच्या डॉक्टरांकडे डाव्या दंडात दिली. लस जरा जहाल आहे. बाईंना ताप भरला, दंड सुजला, दोन दिवस भाकरी थापता आली नाही. साडू रजा काढून त्यांच्या उशाशी बसून होते. दंड का सुजला, आत कसं काम चाललंय, हे ते सांगायचे आणि बाई दुसरीकडे तोंड करून पडून राहायच्या. तरी दुसऱ्या डोसाच्या वेळी त्या आल्या. साडू पुण्याहून, बाई हसनाबादहून गाडीनं, आणि मी सोबतीला. डॉक्टरांनी सुई भरली. बाईंनी पदर सारखा केला, उजव्या हाताची बाही वर केली आणि हात पुढं केला.

साडू म्हणाले, तो नाही, डावा. बाई म्हणाल्या, त्या हातानं मला दोन दिवस भाकर थापता आली न्हाई, आता ह्यो घ्या. साडू म्हणाले, नाही, तोच हात. डॉक्टरांनी मध्ये पडून सांगितलं, की उजव्या हातात दिली तरी काही बिघडत नाही. हे त्यांनी ज्या माणसाला सांगितलं त्याला ते त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. तरी साडू हटेनात. त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत आईपुढं त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. बाईंनी बाही खाली ओढली आणि सरळ उठून उभ्या राहिल्या. हात माझा आहे, कोणता द्यायचा ते मला कळतं, आणि एवढं काय त्या हाताला सोनं लागलंय ते आधी सांग, नाही तर ही मी चालले, असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. मला माहीत होतं, बाई आता गेल्या तर पुन्हा कुठल्याच सुईला येणार नाहीत. साडूंनाही ते माहीत होतं. ते खाली स्टुलावर बसले आणि तात्यांचं सांगायला लागले.

तात्यांच्या दुसऱ्या डोसाच्या दिवशी दुपारी त्यांनी फोन केला होता. पहिल्या सुईनं डावा हात दुखला असं तात्या मागं कधी म्हणाले होते, म्हणून साडू म्हणाले, मग आज दुसरा हात द्या, कोणताही चालतो. तात्या म्हणाले, बरं, तसंच करतो. आणि दवाखान्याच्या कागदावर पुढं लिहिलेलं आलं, उजवा हात. त्या वेळी साडूंना खरंच वाटत होतं की कोणताही चालतो. नंतर त्यांच्या शाखेतल्या लोकांना दिसत गेलं, की तोच हात दिला तर त्या काखेत आधी शिकून बसलेल्या पेशी पहिल्या काही दिवसांत जल्दी कामाला लागतात. फरक थोडा असतो, पुढं भरूनही निघतो. पण तात्यांना पुढचे दिवस मिळाले नव्हते. एवढ्या थोड्या फरकानं ते वाचले असते असं कुणीच सांगू शकत नाही, हे साडूंनी स्वतःच सांगितलं, एखाद्या परक्या माणसाबद्दल बोलावं तसं. आणि मग म्हणाले, "जन्मात माझी एकच गोष्ट ऐकली त्याह्यनी, आन् तीच मी चुकीची सांगितली."

डॉक्टर खिडकीकडे बघत होते. मला कुठं बघावं कळेना. इतकी वर्षं ज्याच्यावर आम्ही हसलो ते हे होतं. बाई मात्र लेकाकडे अशा बघत होत्या, जसं काही त्यांना त्याचं म्हणणंच लक्षात आलेलं नाही.

"तुझा फोन दुपारी आल्ता ना?" त्या म्हणाल्या. "आरं, ते तर सकाळीच टोचून आल्ते. दवाखाना उघडायच्या आधी जाऊन बसल्ते पायरीवर. त्या दिशी लाईट व्हती, मोसंबीला पाणी द्यायचं व्हतं. फावडं डाव्या खांद्यावर घ्यायची सवय त्याह्यची. खांदा दुखला तर फावडं कसं घ्यावं, म्हणून उजवा दिला. तू फोन केला तवा ते पाणी देऊन येऊन जेवाया बसल्ते."

साडूंनी मान वर केली. मग फोनवर 'तसंच करतो' का म्हणाले, असं त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. मंग काय म्हणायचं, बाई म्हणाल्या, करून आलो म्हणले असते तर तुला वाटलं असतं, पोराला इचारलंबी न्हाई.

साडू हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलला, तर माणसानं मोकळा श्वास घ्यावा. पण त्या धोंड्याखाली त्यांनी एक गोष्ट जपून ठेवली होती, आणि तीही धोंड्याबरोबर निघून गेली, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

"म्हंजे एकदाबी न्हाई ऐकलं त्याह्यनी माझं," ते म्हणाले.

"न्हाई ऐकलं," बाई म्हणाल्या. "पण जेवण टाकून पारावर गेल्ते. ज्याला त्याला सांगत व्हते, पुण्याहून पोराचा फोन आल्ता, त्यानं सांगितलं म्हणून हात बदलला. सांजच्यापर्यंत सगळ्या गावाला सांगून आले."

साडूंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, तू उजवाच दे. चालतंय." आणि हे म्हणताना त्यांना खरंच चालत होतं. बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली, स्टूल ओढून डॉक्टरांसमोर बसल्या आणि डाव्या हाताची बाही वर केली. साडू पुन्हा काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी काय तुझ्या बापासारखी हाय का? मी ऐकते."

त्यानंतर दोन दिवस बाईंचा हात दुखला आणि साडूंनी हसनाबादच्या चुलीवर भाकरी थापल्या. त्या मी खाल्ल्या आहेत, त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. या हिवाळ्यात बाईंनी सर्दीपडशाची लसही घेतली, आणि त्यांच्याकडे बघून गल्लीतल्या दोघी-तिघी म्हाताऱ्याही भोकरदनला येऊन गेल्या. साडू अजून जबड्याखाली आशीर्वाद देतात, अवधानाची बाजू घेऊन भांडतात, आणि पंगतीत कुणाच्याही वाटीत डोकावतात. फक्त एक प्रश्न ते विचारेनासे झाले आहेत. पोरांच्या ते लक्षातही आलं नाही, पण मला पंगतीत शेजारी बसल्यावर चुकल्या चुकल्यासारखं होतं. परवा शाळेतून येताना मला कुत्रं चावलं आणि सुया घ्याव्या लागल्या. साडूंचा फोन आला. त्यांनी जखमेचं विचारलं, कुत्र्याचं विचारलं, पुढच्या सुयांच्या तारखा विचारल्या, आणि मग बराच वेळ ते बाईंच्या खोकल्याबद्दल बोलत राहिले. मी वाट पाहिली. शेवटी मीच म्हणालो, "साडूभाऊ, सगळ्या डाव्याच हातात घेतोय बरं का." फोन कट झाला की काय असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "बरं केलं, गुरुजी," आणि आणखी थोडा वेळ आम्ही दोघेही फोन कानाला लावून तसेच बसून राहिलो.